इंग्रजीचं काय अडलंय? ‘यायला नको’ म्हणायचं होतं, ‘यायचं नाही’ झालं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की या वेळी दोनच गोष्टींवर प्रश्न पाठवा, एक म्हणजे इंग्रजीत तुलना कशी करायची आणि दुसरी म्हणजे आपलं ‘पाहिजे, लागतं, हवं’ तिकडे कसं म्हणायचं. मला वाटलं दहा-बारा येतील, पण इनबॉक्स भरला, आणि मजा म्हणजे निम्म्याहून जास्त प्रश्न एकट्या ‘मस्ट’चे. सगळे घेता येत नाहीत, काही एकत्र केलेत, काहींची भाषा जरा नीट केलीये. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी बजावलंय म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न: ताई नमस्कार. मी सांगलीत एका खाजगी फायनान्स कंपनीत आहे. आमचे मोठे साहेब बंगळूरचे, त्यांच्याशी इंग्रजीतच बोलावं लागतं. मागच्या महिन्यात ऑडिटचं काम आम्ही शुक्रवारीच उरकलं, साहेब शनिवारी येणार होते, म्हणून मी मेसेज टाकला, ‘सर, यू मस्ट नॉट कम टुमॉरो.’ म्हणजे उद्या तुम्हाला यायला नको, आमचं झालंय. त्यांचा नुसता ‘ओके’ आला. सोमवारी सगळ्यांसमोर विचारलं, तू कोण मला थांबवणारा? माझं काय चुकलं तेच कळेना. मस्ट म्हणजे पाहिजे, नॉट म्हणजे नाही, मग दोन्ही मिळून ‘गरज नाही’ असंच होणार ना?

उत्तर: नाही होत, आणि इथेच सगळं घोडं पेंड खातं. तुम्ही साहेबांना लिहिलंत की ‘उद्या इकडे फिरकायचं नाही’. त्यांनी फक्त ओके लिहिलं म्हणजे माणूस शांत आहे असं समजा.

तुमचं गणित चुकलं कुठे ते बघा. मराठीत ही दोन वाक्यं म्हणून बघा. एक, ‘उद्या आलंच पाहिजे असं नाही.’ दोन, ‘उद्या यायचंच नाही.’ पहिल्यात ‘नाही’ कुणाला लागलंय? ‘पाहिजे’ला. सक्ती नाही, आलात तर या, नाहीतर घरी बसा. दुसऱ्यात ‘नाही’ ‘येण्या’ला लागलंय, म्हणजे न येण्याची सक्ती. इंग्रजीत ‘मस्ट नॉट’ कायम दुसऱ्या घरात बसतो. मस्ट तसाच खंबीर उभा राहतो आणि नॉट पुढच्या क्रियापदाला चिकटतो, ‘न येणं’ हे ‘मस्ट’. पेट्रोल पंपावर कुणी ‘यू मस्ट नॉट स्मोक’ म्हटलं तर त्याचा अर्थ ‘ओढली नाहीत तरी चालेल’ असा कुणी घेत नाही, तोच नियम इथे.

पहिलं वाक्य हवं असेल तर ‘डोन्ट हॅव टु’, ‘डोन्ट नीड टु’ किंवा जरा जुन्या वळणाचं ‘नीड नॉट’. म्हणजे तुमचा मेसेज असा हवा होता, ‘सर, द वर्क इज डन, सो यू डोन्ट हॅव टु कम टुमॉरो.’ कारण आधी, मोकळीक नंतर, आपण मराठीतही वरिष्ठांना असंच सांगतो.

गंमत म्हणजे होकारात हे दोघं शेजारी-शेजारी राहतात, ‘यू मस्ट कम’ आणि ‘यू हॅव टु कम’ यात फार फरक नाही, पण नकार लावला की एक सांगलीला आणि एक थेट दिल्लीला. आणि याचं खापर आपल्या ‘नको’वर फोडायला पाहिजे, कारण ‘नको’ सगळीकडे चालतो. ‘उद्या यायला नको’ म्हणजे गरज नाही, ‘पावसात त्या पुलावरून जायला नको’ म्हणजे जाऊ नये, आणि ‘मला चहा नको’ म्हणजे इच्छाच नाही. तीन अर्थ, एक शब्द, आपण सुरावरून ओळखतो. मेसेजला सूर नसतो.

मन खट्टू करून घेऊ नका. जर्मन माणसंही हीच चूक करतात, कारण त्यांच्या भाषेत ‘मस्ट’चा सख्खा भाऊ ‘मुस’ आहे आणि त्याला नकार लावला की अर्थ होतो ‘गरज नाही’. म्हणजे शब्द सेम, नात्याने जवळचा, आणि अर्थ उलटा. त्यांच्यापेक्षा आपली अडचण कमीच म्हणायची.

प्रश्न: मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. परदेशात जायचं म्हणून ओईटीची, म्हणजे नर्स-डॉक्टरांसाठीच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी चाललीये. क्लासमध्ये सरांनी सांगितलं, रात्रपाळीचा रिपोर्ट सकाळच्या सिस्टरला द्या असं समजून बोला. मला सांगायचं होतं की पेशंटचं बीपी एकदम पडलं म्हणून सलाईन लावावं लागलं. मी म्हटलं, ‘वी शुड हॅव स्टार्टेड सलाईन.’ सर म्हणाले, मग का नाही लावलं? मी म्हटलं लावलं ना सर. ते म्हणाले, तुम्ही आत्ता सांगितलंत की लावलं नाही. मॅडम मी रडकुंडीला आले. ‘मस्ट’चा भूतकाळ काय मग?

उत्तर: सिस्टर, तुमच्या सरांनी बरोबर पकडलं, आणि हे क्लासमध्ये झालं ते फार बरं झालं. तुमच्या त्या एका वाक्यावरून सकाळची सिस्टर दुसरी बाटली लावेल.

आता इंग्रजी बाजूला ठेवा. मराठीत सांगा. ‘सलाईन लावावं लागलं.’ लावलं का? लावलं. ‘सलाईन लावायला पाहिजे होतं.’ लावलं का? नाही लावलं, राहिलं, आणि आता हळहळ आहे. हा फरक मराठी घरात वाढलेल्या चार वर्षांच्या पोरालाही कळतो, ‘मला औषध प्यावं लागलं’ म्हणताना त्याचं तोंड वाकडं असतं कारण ते प्यायलंय. म्हणजे तुम्हाला नवीन काहीच शिकायचं नाहीये, फक्त जोड्या लावायच्यात. ‘लागलं’ला ‘हॅड टु’. ‘पाहिजे होतं’ला ‘शुड हॅव’. तुमचं वाक्य, ‘वी हॅड टु स्टार्ट सलाईन.’

मग ‘लागेल’ म्हणजे ‘विल हॅव टु’, ‘लागलं नाही’ म्हणजे ‘डिडन्ट हॅव टु’, आणि ‘द्यायला नको होतं’ म्हणजे ‘शुडन्ट हॅव गिव्हन’, दिलं पण चूक झाली. तुमच्या कामात अजून एक लागेल, ‘नीडन्ट हॅव गिव्हन’, म्हणजे उगाच दिलं, दिलं नसतं तरी भागलं असतं. पण ‘डिडन्ट नीड टु गिव्ह’ म्हटलं की गरज नव्हती एवढंच कळतं, दिलं का नाही ते ऐकणारा अंदाजाने ठरवतो, बहुतेक ‘नाही दिलं’ असंच धरतो. रिपोर्ट देताना या भानगडीत पडूच नका, सरळ ‘वी गेव्ह’ किंवा ‘वी डिड नॉट गिव्ह’ म्हणा आणि वेळ सांगा.

राहिला प्रश्न मस्टच्या भूतकाळाचा. त्याला नाहीच. कारण मस्ट हेच मुळात जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदाचं भूतकाळी रूप, मूळ वर्तमानकाळी रूप झिजून गेलं आणि हे भूतकाळी रूपच वर्तमानात येऊन बसलं, आता भूताचं परत भूत कसं करणार. म्हणून ‘हॅड टु’ उसना घ्यायचा. ‘मस्ट हॅव’ ऐकाल कधीतरी पण तो वेगळाच प्रकार आहे, त्याचा सक्तीशी संबंध नाही, शेवटच्या प्रश्नात येईल.

प्रश्न: माझा मुलगा यंदा दहावीला आहे, आम्ही नाशिकला असतो. डिग्री बदला, म्हणजे तुलनेचं वाक्य दुसऱ्या पद्धतीने लिहा, या प्रश्नात त्याने लिहिलं, ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र.’ मार्क कापला. तो म्हणतो उत्तर बरोबर आहे, कळसूबाईच सगळ्यात उंच आहे. मला इंग्रजी पाचवीपासून होतं त्यामुळे माझी मदत होत नाही. आणि हे डिग्री-डिग्री आयुष्यात लागतं का कुठे?

उत्तर: आधी मार्काचं. कळसूबाई कुठे आहे? महाराष्ट्रातच ना, अकोले तालुक्यात. मग ‘महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिखरापेक्षा उंच’ म्हटलं की त्यात कळसूबाई स्वतः पण आली, म्हणजे बाई स्वतःपेक्षा उंच झाल्या. म्हणून ‘एनी अदर पीक’, कुठल्याही ‘दुसऱ्या’ शिखरापेक्षा. तुलना गोव्याशी असती तर ‘हायर दॅन एनी पीक इन गोवा’ एकदम बरोबर, तिथे अदर नको, कारण कळसूबाई गोव्यात नाही. एवढं समजलं की पोराचा हा मार्क परत जाणार नाही.

अजून एक सवय लावा त्याला. उंची लिहून काढायची. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर. आता वाक्यं आपोआप सुचतात. ‘कळसूबाई इज ७९ मीटर्स हायर दॅन साल्हेर.’ ‘साल्हेर इज नॉट अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई.’ ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई.’ हे शेवटचं पोरांना फार अवघड वाटतं, पॉझिटिव्ह डिग्री म्हणे, पण मराठीत म्हणा, ‘कळसूबाईएवढं उंच दुसरं शिखर महाराष्ट्रात नाही.’ हे तर आपण रोज बोलतो, ‘तिच्याएवढं चिवट माणूस पाहिलं नाही.’ ‘एवढा’ म्हणजे अ‍ॅज-अ‍ॅज, ‘पेक्षा’ म्हणजे दॅन, ‘सगळ्यात’ म्हणजे द आणि पुढे एस्ट. फरक एवढाच की आपल्याकडे ‘उंच’ तीनही वाक्यांत उंचच राहतो, सगळा भार ‘पेक्षा’ उचलतो, आणि इंग्रजीत दॅन असूनही विशेषणाला शेपूट लावावंच लागतं. म्हणून मराठी मुलं ‘ही इज टॉल दॅन मी’ लिहितात. ती चूक आळसाची नाही, मराठीची आहे.

शेपूट कुठलं हे मात्र कानाने ठरवायचं. एका झटक्यात म्हणता येणारा शब्द, टॉल, हाय, कोल्ड, त्याला अर आणि एस्ट. तीन झटके लागले, ब्यू-टि-फुल, की शब्दाच्या आधी मोअर आणि मोस्ट. दोन झटक्यांवाले लबाड असतात, हॅपी, इझी असे ‘ई’वर संपणारे शेपूट घेतात, क्लेव्हर, सिम्पल, क्वाएट दोन्हीकडे चालतात, बाकीच्यांना मोअर लावला की सहसा फसत नाही.

‘वन ऑफ द’ पण सांगून ठेवा. साल्हेर इज ‘वन ऑफ द हायेस्ट पीक्स’, अनेकवचन. ‘वन ऑफ माय फ्रेंड’ हे मी रोज ऐकते, मोठमोठ्या माणसांकडून. आणि ‘नाशिकची हवा मुंबईपेक्षा थंड’ याचं इंग्रजी करताना ‘द क्लायमेट ऑफ नाशिक इज कूलर दॅन मुंबई’ नाही, ‘दॅन दॅट ऑफ मुंबई’, कारण हवेची तुलना हवेशी, शहराशी नाही.

आयुष्यात लागतं का विचाराल तर डिग्री बदलायला कुणी सांगत नाही, खरंय. मी बावीस वर्षं क्लास घेतेय, मला आजवर भाजीवाल्याने विचारलं नाही की ताई याची सुपरलेटिव्ह करून द्या. पण ‘एनी अदर’चा विचार लागतो, कुणी म्हटलं आमचं दुकान शहरातल्या कुठल्याही दुकानापेक्षा स्वस्त, की हसू येतं.

प्रश्न: ‘हॅड बेटर’मध्ये हॅड आहे, मग तो भूतकाळ का नाही? आणि बेटर कशाला, तुलना कुणाशी चाललीये? (बडोद्याहून एक वाचक)

उत्तर: हा प्रश्न मला फार आवडला कारण या एकाच शब्दात आपले दोन्ही विषय आलेत. मराठीत बघा, ‘आता निघालेलं बरं, नाहीतर शेवटची एसटी चुकेल.’ निघालेलं ‘बरं’. कशापेक्षा बरं? न निघण्यापेक्षा. तुलना लपलेली आहे पण आहे, आणि निघतो गरज म्हणून. ‘वी हॅड बेटर लीव्ह नाऊ’ हे अगदी तेच. हॅड तिथे नावालाच राहिलाय, काळ आत्ताचाच, आणि पुढे ‘टु’ लावायचा नाही.

फक्त एक सांभाळा. ‘निघालेलं बरं’ आपण मायेने म्हणतो, पण ‘यू हॅड बेटर’ समोरच्याला म्हटलं तर त्यात ‘नाहीतर बघा’ असा दम ऐकू येतो. स्वतःबद्दल, पोरांना, मित्राला चालेल. साहेबांना आणि सासऱ्यांना नको.

प्रश्न: मी हिंजवडीला आयटीत आहे. डॉक्युमेंटमध्ये मी लिहिलं, ‘द सिस्टिम शुड लॉग आउट द यूजर आफ्टर १५ मिनिट्स.’ क्लायंटने कमेंट टाकली, शुड की मस्ट? मी म्हटलं सेमच आहे. मग अर्धा तास मीटिंग. एवढा काय फरक आहे हो? आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये तर वेगळंच, तिथे सगळं ‘शॅल’.

उत्तर: तुमच्याच धंद्यात याचा कायदा लिहून ठेवलाय आणि तुम्ही मला विचारताय! इंटरनेटचे नियम ज्या कागदांत लिहिले जातात त्यातला २११९ नंबरचा आरएफसी, मार्च १९९७ चा, हार्वर्डच्या स्कॉट ब्रॅडनर यांचा. छोटासा आहे, दोन-तीन पानं, आणि त्यात फक्त एवढंच सांगितलंय की या कागदांत मस्ट म्हणजे काय, शुड म्हणजे काय, मे म्हणजे काय. मस्ट म्हणजे करायचंच, पर्याय नाही. शुड म्हणजे करावं, पण एखाद्या ठिकाणी सबळ कारण असेल तर सोडता येतं, फक्त सोडण्याचे परिणाम आधी नीट समजून घेतलेले असले पाहिजेत. मे म्हणजे मर्जी. कॅपिटलमध्ये लिहिले की हे अर्थ, असा संकेत.

म्हणजे तुमच्या ‘शुड’चा अर्थ क्लायंटने असा वाचला की पंधरा मिनिटांनी लॉग आउट झालं तर छान, नाही झालं तर टीमकडे काहीतरी कारण असेल. तो घाबरणारच. मराठीत तुम्ही ‘व्हायला पाहिजे’ म्हणत होता, आणि आपला ‘पाहिजे’ सल्ल्यालाही चालतो, हुकुमालाही चालतो. ‘झालंच पाहिजे’ असं मनात आलं, तो ‘च’ ऐकू आला, की मस्ट लिहा. नुसतं ‘व्हायला हवं, झालं तर बरं’ असेल तर शुड. त्या एका ‘च’वर अर्धा तास वाचला असता.

‘शॅल’ ही वकिलांची मिरास. आपल्या घटनेच्या इंग्रजी प्रतीत जागोजागी शॅल आहे, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचं कलम २१-क घ्या, २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने आलेलं, तिथे राज्य ‘शॅल प्रोव्हाइड’. आणि मराठी प्रतीत कलम १४ उघडा, राज्य समानता ‘नाकारणार नाही’. पाहिजे नाही, लागेल नाही, साधा भविष्यकाळ, पण आवाज असा की नाही म्हणायची सोय नाही. घरी आजी म्हणते ना, ‘तू उद्या शाळेत जाणारेस,’ तेच. वकील नसाल तर शॅलच्या वाटेला जाऊ नका, तिकडे अमेरिकेतही सरकारी कागदांत सोपं लिहायचं म्हणून शॅल काढून मस्ट घाला असाच सल्ला देतात.

आणि एक बारीक चूक. तुमच्या मेलमध्ये होतं, ‘टेस्टिंग इज मस्ट’. मराठीत आपण ‘आधार कार्ड मस्ट आहे’ म्हणतो ते ठीक, तो आता आपला शब्द झाला. इंग्रजीत लिहिताना ‘अ मस्ट’.

प्रश्न: मी इंदूरला असतो, वय ७४, शाळेत संस्कृत होतं. नातू ‘मोअर बेटर’ म्हणतो, मी त्याला रागावतो. पण माझा प्रश्न वेगळा आहे. त्याचं पुस्तक बघताना वाटलं की इंग्रजीतला हा ‘एस्ट’ आणि आपला ‘ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ’ मधला ‘इष्ठ’ सारखे ऐकू येतात. योगायोग का?

उत्तर: आजोबा, योगायोग नाही. एकाच आजीची नातवंडं आहेत ती. संस्कृतात ‘स्वादु’ म्हणजे गोड, आणि सगळ्यात गोड ते ‘स्वादिष्ठ’. इंग्रजीत ‘स्वीट’ आणि ‘स्वीटेस्ट’. शब्दही तोच आणि शेपूटही तेच, हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले. पुढच्या वेळी पुरणपोळी खाऊन नातू ‘स्वादिष्ट’ म्हणाला की सांगा त्याला, तू आत्ता सुपरलेटिव्ह वापरलीस.

मराठीत मात्र आपण ते शेपूट विसरलो. स्वादिष्ट म्हणजे नुसतं चवदार झालं, कनिष्ठ महाविद्यालय म्हणजे ज्युनिअर कॉलेज, सगळ्यात लहान कॉलेज नव्हे. संस्कृतातली तुलनेची दुसरी शेपटं, ‘तर-तम’, तेवढी गणिताच्या तासाला टिकली, लघुतम आणि महत्तम. आणि अर्थ झिजला की माणूस वरून अजून एक लावतो, ‘श्रेष्ठतम’ म्हणतो आपण, म्हणजे एस्टच्या डोक्यावर मोस्ट. आणि ही आजची खोड नाही, ‘श्रेष्ठतम’ शतपथ ब्राह्मणातसुद्धा आहे. तेव्हा नातवाला फार रागावू नका. शेक्सपिअरच्या ज्युलिअस सीझरमध्ये अँटनी ‘मोस्ट अनकाइंडेस्ट’ म्हणतो आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. असं दुहेरी लावू नये हा धाक पुढे अठराव्या शतकातल्या व्याकरणवाल्यांनी घातला, रॉबर्ट लाउथचं १७६२ चं पुस्तक त्यातलंच. परीक्षेत नियम पाळायचाच, नुसतं ‘बेटर’, आणि फार बरं असेल तर ‘मच बेटर’. पण कारण माहीत असलेलं बरं.

त्याला हेही सांगा की ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’ यांच्यामागे दॅन येत नाही, टु येतो. ‘ही इज सीनिअर टु मी.’ हे लॅटिनमधून तुलना पोटात घेऊनच आलेले शब्द आहेत, म्हणून मोअरही नको. ‘माझ्यापेक्षा सीनिअर’ असं मनात आलं की दॅन जिभेवर येतो, तिथे जीभ आवरायची.

प्रश्न: ‘जितकं-तितकं’ला इंग्रजीत काय? मी लासलगावचा, कांद्याचं लिहायचंय, जितका पाऊस लांबतो तितका कांदा सडतो. मी ‘अ‍ॅज मच अ‍ॅज’ लावून बघितलं, जमेना.

उत्तर: दोनदा ‘द’ लावायचा, बास. ‘द लाँगर द रेन लास्ट्स, द मोअर द ओनिअन्स रॉट.’ इथले ते दोन ‘द’ आपण शिकतो तो आर्टिकल नव्हेत, दिसायला तसेच पण जुन्या इंग्रजीतल्या ‘त्याने, तितक्याने’ अशा अर्थाच्या रूपातून आलेत, म्हणजे तुमचा ‘जितका-तितका’च तो. दोन्ही तुकड्यांत तुलना पाहिजे, लाँगर-मोअर, एका बाजूला लाँग आणि दुसरीकडे मोअर असं चालत नाही. पावसाचं मात्र मला काही करता येणार नाही.

प्रश्न: मी ठाण्याचा, रिटायर्ड. मुलीकडे टोरांटोला आलोय. पहिल्याच दिवशी शेजारीण म्हणाली, ‘यू मस्ट बी टायर्ड.’ मला वाटलं थकलंच पाहिजे असं काय, मी म्हटलं नो नो, आय अ‍ॅम फिट. मग म्हणाली, ‘यू मस्ट कम फॉर डिनर.’ मी नम्रपणे म्हटलं, ‘येस, आय हॅव टु कम.’ मुलगी आत जाऊन हसली, कारण सांगत नाही. तुम्ही सांगा.

उत्तर: काका, मुलगी हसली ते दुसऱ्या वाक्याला. पहिल्यांदा शेजारणीचं. ‘मस्ट बी टायर्ड’ म्हणजे ‘दमला असणार तुम्ही’. एवढा प्रवास करून आलात, तिने अंदाज बांधला. आपला ‘असणार’, तोच हा मस्ट. भूतकाळात ‘मस्ट हॅव’, ‘विमान लेट झालं असणार’, ‘द फ्लाइट मस्ट हॅव बीन लेट’. मिरजेच्या सिस्टर, हा तो वेगळा प्रकार. आणि ‘नसणार’ म्हणायचं असेल तर ब्रिटिश वळणात मस्ट नॉट नाही, ‘कान्ट’. ‘तो घरी नसणार, कुलूप आहे’, ‘ही कान्ट बी अ‍ॅट होम.’

‘यू मस्ट कम’ हा हुकूम नव्हे, आग्रह. आपण नाही का म्हणत, ‘एकदा आमच्याकडे जेवायला आलंच पाहिजे हं!’ तिकडे सक्तीचा मस्ट रोजच्या बोलण्यात फारसा उरलेला नाही, त्याजागी सर्रास हॅव टु म्हणतात, पण आग्रहात मस्ट अजून आहे.

आता तुमचं उत्तर. हॅव टु म्हणजे ‘लागतं’. बाहेरून कुणीतरी लावलेलं. लोकल पकडावी लागते, बिल भरावं लागतं. म्हणजे त्या बिचारीने प्रेमाने जेवायला बोलावलं आणि तुम्ही म्हणालात, ‘हो, यावं लागेल मला.’ तिथे ‘आयड लव्ह टु’ म्हणायचं. तरी तिने आमंत्रण मागे घेतलं नाही ना? जेवायला काय होतं ते काही लिहिलं नाहीत.